शेल्याखालचा षड्ज

समस्त मराठी जनांस, विशेषतः न्यू जर्सी राज्यात वास्तव्य करणाऱ्यांस, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की प्रस्तुत लेखिका बेसूर नाही. सदर बाब मान्यताप्राप्त उपकरणाद्वारे, भर सभेत, दसऱ्याच्या मुहूर्तावर सिद्ध झालेली आहे. दोन हजार चार सालच्या गणपतीत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे बघून हळहळत मान हलवली होती, त्यांनी ती मान पूर्वस्थितीत न्यावी, ही विनंती.

हे निवेदन मला तेव्हाच मंडळाच्या वार्षिक अंकात पहिल्या पानावर छापायचं होतं. नवरा म्हणाला, "अगं, झालं गेलं, सोड आता." तेव्हा सोडलं. पण पुढे माझ्या लक्षात आलं की 'सोड आता' हे नेहमी ज्याचं काही गेलेलं नसतं तोच म्हणतो. म्हणून आता लिहिते.

आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा सूड तिच्यातून निघाला. मी पिस्कॅटवेजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला होते. गोदामासारखी एकमजली इमारत, शेजारी टायरचं दुकान. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा माझ्याकडे फिजिक्सची पदवी आणि गाण्याच्या तीन परीक्षा होत्या. व्हिसामुळे पहिली काही वर्षं दोन्ही कपाटात ठेवावं लागलं. कामाचा परवाना आला तेव्हा पदवी बाहेर काढली आणि ही नोकरी मिळाली.

काम असं की, ॲम्प्लिफायर, माइक, स्पीकर बनवणारे लोक आपला माल तपासायला एक यंत्र वापरतात, ऑडिओ ॲनलायझर. आणि ते यंत्र खरं बोलतं की नाही, हे वर्षातून एकदा कोणीतरी तपासावं लागतं. ते आम्ही तपासायचो. म्हणजे लोक सुनेला नावं ठेवतात, आणि आम्ही सासूला. या ॲनलायझरवर माझं फार प्रेम होतं. शिवणयंत्राएवढी पेटी, समोर बटणं आणि हिरवे आकडे. ती स्वतः एक अगदी शुद्ध सूर तयार करते, ॲम्प्लिफायरच्या एका बाजूने आत सोडते, दुसऱ्या बाजूने बाहेर आलेला आवाज पकडते, मग त्यातून आपला सूर काढून टाकते आणि मागे काय उरलं ते मोजते. जे उरतं तो सगळा त्या ॲम्प्लिफायरचा पदरचा मालमसाला, खरखर, घरघर, वाकडेपणा. माणसांसाठी असं यंत्र कोणी काढलं असतं तर मी पगार न घेता काम केलं असतं.

माझे साहेब सत्तरीचे अमेरिकन गृहस्थ होते. पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस लावायचे आणि दुपारी बरोबर बारा वाजता सफरचंद खायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला. यंत्र टेबलावर आलं की त्याला हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही. आधी ते ज्या अवस्थेत आलं त्या अवस्थेत मोजायचं आणि कागदाच्या पहिल्या रकान्यात लिहायचं. त्या रकान्याला मी मनात 'आलं तसं' म्हणायची. दुरुस्ती वगैरे सगळं नंतर, आणि त्याचा रकाना वेगळा.

"आधी हात लावलास," साहेब म्हणाले, "तर तो पुरावा राहत नाही. ती तुझी गोष्ट होते."

हे वाक्य मला पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता काका. आमच्या मंडळाचे ध्वनिव्यवस्थापक. मी त्यांना काका म्हणायची, ते मला वहिनी म्हणायचे. नातं कसं लागतं ते विचारू नका, अमेरिकेत सगळे एकमेकांना सोयीने लागतात. काका पेशाने पूल बांधणारे इंजिनिअर होते. स्पीकर, मिक्सर, वायरी, सगळं मंडळाचं सामान त्यांच्या गॅरेजमध्ये असायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते स्वतः उचलून आणायचे. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते मी देते. यापुढे या लेखात त्यांना काही मिळणार नाही.

काका वायरींच्या बाबतीत फार टापटिपीचे. सगळ्या वायरी एकत्र, एका जुडीत, परकराच्या लाल नाडीने दर हातभर अंतरावर बांधलेल्या. माइकच्या वायरी, विजेच्या वायरी, सगळ्या एका जुडीत, मेथीसारख्या. आणि गायकाच्या शेजारी एका पाटावर त्यांचा खास तंबोरा. तंबोरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटी, मुंबईहून आणलेली, जुनी, दोनशेवीस व्होल्टची. अमेरिकेतली वीज एकशेदहाची, म्हणून पेटीबरोबर तिचा एक ट्रान्सफॉर्मर यायचा. पण स्टेजवर लोखंडी ठोकळा बरा दिसत नाही म्हणून काका दोन्हींवर जरीकाठी हिरवा शेला पांघरायचे. त्यामुळे गायकाच्या शेजारी कोणीतरी देवी बसली आहे असं वाटायचं. आम्ही स्टेजवर चढताना तिला नमस्कारही करायचो.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात मला एकटीला गायचं होतं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा. त्याआधी मी नेहमी समूहगानात, दुसऱ्या ओळीत, उंच बायकांच्या मागे. सहा महिने मी गाडीत रियाज केला होता; घरून प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्यावर एक असा सिग्नल नव्हता जिथे मी तान घेतली नसेल. एकदा शेजारच्या ट्रकवाल्याने काच खाली करून मला विचारलं होतं की मला कुठे दुखतं आहे का.

शाळेचं सभागृह भरलेलं होतं. मी स्टेजवर बसले, देवीला नमस्कार केला, काकांनी शेल्यात हात घालून तंबोरा सुरू केला, आणि मी अभंग धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला मला काहीतरी टोचल्यासारखं झालं. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून येणारा आवाज आणि माझा आवाज एकमेकांना चिकटेनात. मी आवाज थोडा चढवला, तर स्पीकरशी जुळला, पण हार्मोनियमवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटातली पुरी उचलली आहे. मी डोळे मिटून घेतले. बायका भाव आला की डोळे मिटतात असा समज आहे. मी भीतीने मिटले होते.

तिसऱ्या ओळीला माझा आवाजच गेला. म्हणजे गळ्यातून जात होता, सभागृहात येत नव्हता. डोळे उघडले तर काकांनी मिक्सरवरचं माझं बटण खाली ओढलं होतं. आणि त्यांच्या टेबलावरच्या माइकमधून, अगदी प्रेमळ आवाजात, ते म्हणाले, "वहिनी, सुराचं जरा बघा. इथेच थांबू या आपण. पुढचा कार्यक्रम, बालगोपाळांचं लेझीम."

मी खाली उतरले. नऊवारी नेसले होते, त्यामुळे पळताही आलं नाही.

त्यानंतर लोक जे सांत्वन करतात ते मूळ दुःखापेक्षा वाईट. जेवणाच्या रांगेत एक बाई म्हणाल्या, "आवाज गोड आहे हो तुझा, पण सूर म्हणजे देवाघरचं देणं." दुसऱ्या म्हणाल्या, "तू निवेदन का नाही करत?" आणि काका स्वतः, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन, माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण कोणीतरी सांगायलाच हवं. माझे कान फार तयार आहेत, मला सहन होत नाही." नवऱ्याने ते घरी येताना गाडीत मला सांगितलं. का सांगितलं देव जाणे. त्या क्षणी माझ्या पोटात जे काही पेटलं ते पुढे चार आठवडे विझलं नाही आणि, खरं सांगते, मला त्या चार आठवड्यांत फार मजा आली. वजनही कमी झालं.

दिवाळीच्या कार्यक्रमाची कच्ची यादी आठवड्याने आली. माझं नाव समूहगानात, दुसऱ्या ओळीत.

नवऱ्याने गणपतीचा सगळा कार्यक्रम कॅमकॉर्डरवर घेतला होता. सोमवारी मी ती टेप आणि कॅमेरा पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेला आणि दुपारी बारा वाजता, साहेब सफरचंद खात असताना, टेपचा आवाज ॲनलायझरला जोडला. स्वतःला मोजायला बसताना मी बटण दाबायचं दोनदा लांबवलं. कारण काका खरंच बरोबर असले तर ते मला आकड्यात कळणार होतं, आणि आकड्यांशी भांडता येत नाही.

तंबोरा माझ्या पट्टीत, हार्मोनियमच्या काळी पाचला लावलेला. त्या पट्टीचा माझा सा म्हणजे सेकंदाला दोनशेतेहतीस कंपनं. माझी पहिली ओळ: दोनशेतेहतीस. बरोबर. दुसरी ओळ: दोनशेछत्तीस. मग दोनशेएकोणचाळीस. मग दोनशेचाळीस, आणि तिथेच स्थिर. मी आकड्याकडे बघत राहिले. म्हणजे मी बेसूर होते. काळी पाच आणि तिच्या शेजारची पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध, जिथे हार्मोनियमला पट्टीच नसते, तिथे मी गात बसले होते.

मी कॅमेरा बंद करणार होते. पण इतकी स्थिर? घाबरलेली बाई घसरते, डगमगते. खिळा ठोकल्यासारखी दोनशेचाळीसवर कशी राहील? आणि मग लहानपणी तोंडपाठ केलेला पाढा आपोआप जिभेवर आला. साठ एके साठ, साठ दुणे एकशेवीस, साठ त्रिक एकशेऐंशी, साठ चोक दोनशेचाळीस.

अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ वेळा धडधडते. भिंतीतल्या प्रत्येक वायरीत तेच साठ.

मी टेप मागे नेली. अध्यक्षबाईंचं भाषण: आवाज स्वच्छ, साठ नाही. काका स्टेजवर येतात, शेल्यात हात घालतात: साठ, एकशेवीस, एकशेऐंशी, सगळी पिलावळ हजर. मी गाते, ते माझं बटण ओढतात, शेल्यात हात घालून तंबोरा बंद करतात: साठ गायब. लेझीम: स्वच्छ. मी हे तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा मी एकटीच हसत होते आणि साहेबांनी सफरचंद खाली ठेवलं.

शेल्याखालची ती देवी ट्रान्सफॉर्मर होती. माझा माइक तिच्या शेजारीच, वायरीही तिला खेटून, मेथीच्या जुडीत बांधलेल्या; तिची घरघर त्यांच्यात, जास्त करून माइकमध्ये, शिरायची आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तंबोऱ्याहून मोठी बाहेर यायची. आणि साठाचा सा व त्याच्यावरचा पंचम असा पूर्ण तंबोराच की तो, फक्त चुकीच्या पट्टीत. मी काकांच्या तंबोऱ्याला सोडून काकांच्या ट्रान्सफॉर्मरशी अचूक सुरात गायले होते. उलट सगळ्या सभागृहात सुरात मी एकटीच होते म्हणायला हरकत नाही. मात्र हे शेवटचं वाक्य मी मंडळात कधी बोलले नाही, कारण त्यात 'मी तंबोऱ्याला सोडलं' हेही येतं.

आता कोणी भली बाई असती तर तिने काकांना फोन करून सांगितलं असतं. नवऱ्यानेही तेच सुचवलं.

"फोन कर, सांग की ट्रान्सफॉर्मर लांब ठेवा. संपलं."

"म्हणजे तो नीट होईल आणि मी बेसूर राहीन."

"काका मान्य करतील ना, यार. एवढे काही वाईट नाहीत."

"ते म्हणतील, अरे वा, वहिनी, आम्ही ते कधीच ठीक केलं. आधी हात लावला की पुरावा राहत नाही."

"हे कोण म्हणतं?"

"माझे साहेब."

नवऱ्याने लॅपटॉप उघडला. तो पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडच्या एका टीमबरोबर काम करायचा आणि त्याला अवघड वाटलं की तिकडची मीटिंग लागायची.

मला 'आलं तसं' हवं होतं. त्याच सभेसमोर, काकांच्या हाताने मांडलेलं, त्यांच्याच नाडीने बांधलेलं. आणि आकडे दिसल्यावर काकांनी माइकमध्ये म्हणायचं वाक्यही मी तयार केलं होतं: 'वहिनी, सूर तुमचा चुकला नव्हता, चूक माझी होती.' मी ते गाडीत काकांच्या आवाजात म्हणून बघायची. रियाजाऐवजी तेच चालू होतं.

पण काकांच्या मिक्सरला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मग माझं यंत्र तिथपर्यंत न्यायचं कसं? उत्तर पंचांगात होतं. दसऱ्याला मंडळात शस्त्रपूजा व्हायची. अमेरिकेत कोणाकडे तलवारी नाहीत, तेव्हा मंडळी आपापली कामाची हत्यारं आणायची: लॅपटॉप, स्टेथोस्कोप, गाडीच्या किल्ल्या. आणि मधोमध काकांची सगळी ध्वनिव्यवस्था, हळदकुंकू वाहून. दसऱ्याला पूजेसाठी आणलेल्या यंत्राला कोण नाही म्हणणार? शिवाय त्याच दुपारी, जेवणानंतर, दिवाळीच्या गायकांची चाचणी असायची. तीच माणसं, तेच सामान.

साहेबांकडे मी प्रयोगशाळेतला जुना, अडगळीतला ॲनलायझर दोन दिवसांसाठी मागितला. त्यांनी फॉर्म पुढे केला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'धार्मिक'. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मोजमाप करायचं आहे का याने तिथे?"

"आधी पूजा. मग मोजमाप."

"आणि काय मोजणार?"

"एका माणसाला."

साहेबांनी पेन उघडलं. मग सही करत म्हणाले, "ती लाल पावडर बटणात जाऊ देऊ नकोस."

पंचांगात दसरा कोणत्याही वारी असो, आमच्याकडे सगळे सण शनिवारी येतात. सकाळी आयसेलिनच्या देशी बाजारात जाऊन झेंडू आणले, यंत्राला हार केला आणि ते मांडीवर घेऊन शाळेत गेले. काका स्टेजवर मांडामांड करून उभे होते. मिक्सर, स्पीकर, माइक, वायरींची जुडी, आणि पाटावर हिरवा शेला. शेल्यावर सोनेरी पुठ्ठ्याची आपट्याची पानं.

"हे काय आणलंत वहिनी? ईसीजी काढणार की काय कोणाचा?"

दोन-चार जण हसले.

"माझं कामाचं यंत्र, काका. वर्षाचा दिवस, म्हटलं त्यालाही कुंकू लागू दे."

"असू दे, असू दे. शस्त्र ते शस्त्र. मांडा इकडे माझ्या मिक्सरशेजारी." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सामान सरकवून जागा करून दिली. मला त्यांची जवळजवळ दया आली. श्रीखंडाची वाटी आठवली आणि गेली.

आरती झाली, जेवण झालं. अध्यक्षबाई यादी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. मी उठून म्हटलं की मला एकटीला गायची चाचणी द्यायची आहे. सभागृहात ती शांतता झाली जी लग्नात कोणी हुंड्याचा विषय काढल्यावर होते.

काका टेबलामागून म्हणाले, "वहिनी, आपलं ठरलंय ना. समूहगान."

"हो काका. म्हणून आधी माझी नाही, माइकची चाचणी घेऊ. तो नापास झाला तर तोही समूहगानात."

लोक हसले आणि हसलेल्या सभेसमोर काकांना नाही म्हणता येईना. मी म्हटलं, "तुम्हीच सगळं सुरू करा. मी कशाला हात लावत नाही." त्यांनी शेल्यात हात घालून तंबोरा सुरू केला, माइक चालू केला. मी मिक्सरमधून बाहेर येणाऱ्या वायरीला माझं यंत्र जोडलं. तेवढंच. मग स्टेजवर कोणीही नसताना, कोणी बोलत नसताना, अध्यक्षबाईंना बोलावून हिरवा आकडा वाचायला सांगितला.

"साठ," त्या म्हणाल्या. "पॉइंट झिरो."

"तो अमेरिकेत सगळीकडेच असतो," काका म्हणाले. "हॉलचा आहे. जुनी शाळा आहे."

"असेल हं काका. मग शेला काढून बघू या का जरा?"

"अजिबात नाही. पूजेत मांडलेलं उद्यापर्यंत हलवायचं नसतं. वहिनी, तुम्हाला मी सांगायला हवं का?"

हे मी धरलेलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या, खरंच आहे, हलवू नये. मी हातातल्या वायरीकडे बघत उभी राहिले, सहा महिन्यांचा रियाज आणि चार आठवड्यांचा सूड घेऊन. आणि मग सुचलं. देव हलवायचा नसेल तर भक्ताने हलावं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "आपण आरतीच करू."

मी माइक स्टँडवरून काढला आणि दोन्ही हातांत निरांजनासारखा धरला. शेल्यापासून चार हात लांब गेले: स्पीकर गप्प, साठ गायब. जवळ आणला: घूं. लांब नेला: गप्प. मग मी हिरव्या शेल्याला माइकने ओवाळू लागले. डावीकडून उजवीकडे, सावकाश, आरतीच्या चालीने. माइक खाली आला की सगळं सभागृह घुमायचं, वर गेला की थांबायचं. घूं, गप्प, घूं, गप्प. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतल्या कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. हार्मोनियमवाले गृहस्थ उठून हार्मोनियमपाशी गेले, काळी पाच दाबली, पांढरी सात दाबली आणि म्हणाले, "हा दोन्हीच्या मधला आहे हो. त्या दिवशी ह्या इथेच होत्या."

"मी म्हणतच होते," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या काहीही म्हणत नव्हत्या, पण त्यांनी यादीवर पेन फिरवलं आणि माझं नाव दुसऱ्या ओळीतून काढून एकटीचं लिहिलं. मी ते वरून उलटं वाचलं.

मला यादी मिळाली होती. पण माझं वाक्य मिळालं नव्हतं. मी माइक घेऊन काकांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांच्यापुढे धरला. मला काय हवं आहे ते सभेला कळलं. काकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी घसा साफ केला. "वहिनी," ते म्हणाले. मी मान किंचित तिरकी करून, दयाळूपणे, वाट बघत होते. ही मानही मी घरी आरशासमोर बसवली होती.

तेवढ्यात काकू स्टेजवर आल्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. कार्यक्रमात त्यांचं काम प्रसाद वाटणं, आणि मंडळात कोणी त्यांचं दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणं ऐकलेलं नव्हतं. हातातलं पंचामृताचं भांडं त्यांनी खाली ठेवलं, पाटापाशी उकिडव्या बसल्या आणि म्हाताऱ्या बायकांकडे न बघता सरळ शेला उचलला. खाली करडा लोखंडी ठोकळा होता. त्याच्या कडेला हिरवी, वाळलेली चटणी लागलेली होती. काकू ती नखाने खरवडून बघत राहिल्या.

"हा तर माझ्या मिक्सरचा," त्या म्हणाल्या. "ओट्यावरचा. घरी मी तंबोरा लावायचे तो ह्याच्यावरच."

"अगं, ते नंतर बोलू," काका म्हणाले.

"मी गायचे तेव्हा हा शेजारीच घुमत असायचा. आणि तुम्ही म्हणायचात, सूर लागत नाही."

मी काकांपुढे धरलेला माइक कधी काकूंकडे वळवला ते मला आठवत नाही. मुद्दाम वळवला नसेल असं मी नवऱ्याला सांगते. काकूंनी ठोकळ्यावरचा हात काढला, मान वर करून नवऱ्याकडे बघितलं, आणि सगळ्या स्पीकरमधून, अगदी स्वच्छ, त्यांचा आवाज आला:

"अहो, म्हणजे ह्या चटणीच्या ठोकळ्यापायी तुम्ही माझं गाणं सोडवलंत?"